ओव्हर म्हटल्यावर गप्प बसायचं असतं

आमच्या फोर बाय फोर ग्रुपने डोंगरात गाड्या अडकवण्यात जेवढा वेळ घालवला, त्याहून कितीतरी जास्त वेळ ‘कोणता वॉकीटॉकी घ्यावा’ या चर्चेत घालवला आहे. अडकलेली गाडी निघते. दोर लागतो, ट्रॅक्टर येतो, गावातली चार पोरं हात लावतात आणि गाडी निघते. चर्चेत अडकलेला माणूस मात्र तिथेच रुततो, आणि रुतल्या जागी जोरजोरात चाकं फिरवत राहतो.

गरज अगदी साधी होती. वेल्ह्याच्या पुढे पासली-केळदच्या अंगाला गेलं की मोबाइलच्या काड्या एकेक करत मावळतात. पुढच्या गाडीने ‘इथे मोठा धोंडा आहे, डावीकडून घ्या’ एवढं सांगायचं आणि मागच्यांनी ते ऐकायचं. बस. पण ज्या ग्रुपमध्ये दोन इंजिनिअर, एक निवृत्त बँक अधिकारी आणि रात्री व्हिडिओ बघितल्याशिवाय झोप न येणारे बाकीचे सगळे असतात, तिथे साधी गरज फार काळ साधी राहत नाही.

निवृत्त बँक अधिकाऱ्यांना आम्ही कर्नल म्हणतो. लष्कराशी त्यांचा संबंध एवढाच, की त्यांची शाखा कॅम्पात होती. पण पँटच्या खिशांच्या संख्येवरून हुद्दा ठरत असता, तर ते केव्हाच ब्रिगेडिअर झाले असते. पहिला प्रश्न कर्नलनीच टाकला : ‘रेंज किती हवी?’

कोणीतरी म्हणालं, तीन किलोमीटर पुरे. दुसऱ्याने पाच लिहिले. तिसऱ्याला पाच ऐकून अपमान झाल्यासारखं वाटलं असावं, त्याने दहा लिहिले. रात्री अकराच्या सुमारास बोली पंचवीसवर गेली. आमचा सगळा ताफा एकामागे एक उभा केला तर पहिल्या बंपरपासून शेवटच्या बंपरपर्यंत पन्नास-साठ मीटर भरतील. हे मी ग्रुपवर लिहिलं. त्याला एक अंगठासुद्धा मिळाला नाही. ग्रुपमध्ये माझ्या शब्दाला वजन नाही, कारण माझी जिप्सी नेहमी सगळ्यांच्या शेवटी असते. ‘मागे कोणीतरी जबाबदार माणूस हवा’ असं मला सांगण्यात येतं. मी अडकलो तरी बाकीच्यांचा रस्ता बंद होत नाही, हे खरं कारण आहे.

शेवटी आम्ही तिघे तपकीर गल्लीत गेलो. पुण्यात विजेवर चालणारी कोणतीही वस्तू घ्यायची असेल तर बुधवार पेठेतल्या या गल्लीत जावंच लागतं, आणि तिथे गेल्यावर आपल्याला त्या वस्तूतलं काही कळत नाही हे मान्य करूनच बाहेर यावं लागतं. दुकानदाराने खोका पुढे सरकवला. त्यावर ठसठशीत अक्षरांत ‘१६ किलोमीटरपर्यंत’ असं छापलेलं होतं.

‘खरंच सोळा जातो?’ कर्नलनी विचारलं.

‘तुम्ही न्याल तिथवर जातो.’

‘तसं नव्हे हो. बोलणं किती लांब ऐकू येतं?’

‘दोघं एकमेकांना दिसत असाल, तर चार-पाच किलोमीटर आरामात.’

‘आणि दिसत नसलो तर?’

‘मध्ये काय आहे?’

‘डोंगर.’

दुकानदाराने खोका परत आपल्याकडे ओढला. ‘मग फोन करा.’

‘फोन लागत असता तर इथे कशाला आलो असतो?’

‘ते मला काय माहीत? मी काही विचारलं नाही.’

खोक्यावरचं चित्र नीट पाहिलं असतं तर एवढाही अपमान करून घ्यावा लागला नसता. चित्रात दोन माणसं होती. एक या शिखरावर, दुसरा त्या शिखरावर, आणि मधली दरी आरपार मोकळी. सोळा किलोमीटर ते याच दोघांचे. रेडिओच्या या लहरी साधारण नजरेसारख्या सरळ जातात. मोकळ्या मैदानावर दोन माणसं हातात सेट घेऊन एकमेकांपासून लांब लांब गेली, तर दहाएक किलोमीटरवर पृथ्वीची गोलाईच आडवी येते. सह्याद्रीला पृथ्वीच्या गोलाईची वाट बघावी लागत नाही. पन्नास पावलांवर काळ्या कातळाची एक सोंड पुढे आलेली असते आणि संभाषण तिथेच संपतं. म्हणून तर दूरदर्शनने आपला मनोरा सिंहगडावर, तेराशे मीटरवर नेऊन उभा केला. आमच्या ग्रुपची एकही गाडी आजवर शिखरावर अडकलेली नाही. आम्ही अडकतो ते ओढ्यात, घळीत आणि नांगरलेल्या वावराच्या कडेला, म्हणजे जिथे सूर्यही दुपारी बारालाच पोचतो अशा जागी.

मग वॅटचा वाद निघाला. ग्रुपमधला तरुण इंजिनिअर म्हणाला, पाच वॅटचा घेऊ. त्याने कुठूनतरी परदेशी व्हिडिओ काढला होता. त्यात एक दाढीवाला मनुष्य वाळवंटात उभा राहून पाच वॅटची थोरवी सांगत होता. वाळवंटात डोंगर नव्हता, पण ते आमच्या लक्षात आलं नाही. दाढीच इतकी भरघोस होती.

दुसरा इंजिनिअर, जो पहिल्याचं काहीही मान्य करायचं नाही या एकाच तत्त्वावर चालतो, तो म्हणाला, ‘दहापट वॅट म्हणजे दहापट अंतर नव्हे. मोकळ्यावर फार तर तिप्पट. आणि डोंगराच्या आड शून्याची तिप्पट शून्यच.’ ग्रुपमध्ये पहिल्यांदाच कोणीतरी संपूर्ण बरोबर बोललं होतं, त्यामुळे त्याच्यावर सगळे तुटून पडले.

त्यात सीए मॅडमनी कायद्याचा विषय काढला. मॅडम ग्रुपमध्ये सगळ्यात चांगली गाडी चालवतात आणि सगळ्यात कमी बोलतात. या दोन गोष्टींचा काही संबंध असेल, असं बाकीच्या आम्हा पुरुषांना अजून सुचलेलं नाही. त्यांनी सांगितलं, की आपल्याकडे विनापरवाना वापरायचे वॉकीटॉकी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातले, आणि तेही अर्ध्या वॅटपर्यंतचे. त्या मॉडेलला केंद्राच्या वायरलेस विभागाची मान्यता लागते ती वेगळीच. बाकीच्या पट्ट्यांना परवाना हवा. बाजारात काहीही मिळतं, म्हणून २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विकणाऱ्यांसाठी नियमावलीही काढली.

‘पण कोण विचारतंय?’ पहिला इंजिनिअर म्हणाला.

‘वायरलेस टेलिग्राफी कायदा १९३३ चा आहे,’ मॅडम म्हणाल्या. ‘तेव्हापासून विचारतायत.’

१९३३! म्हणजे जीप नावाची गाडी जन्माला यायच्या आधीच जीपवाल्यांनी काय काय करायचं नाही, हे सरकारने ठरवून ठेवलं होतं. यापुढे पाच वॅटचं नाव कोणी काढलं नाही. अर्धा वॅट हा शब्द मात्र सगळ्यांना लागला. कर्नल तर तो उच्चारतच नाहीत. ते ‘पाचशे मिलिवॅट’ म्हणतात.

एकजण म्हणाला, मग सॅटेलाइट फोनच घेऊ ना, डोंगराची कटकटच मिटली. त्याला सांगण्यात आलं, की सरकारी परवानगीशिवाय तो बाळगला तर तुझी वेगळी सोय होईल, आणि तिथे बोलायला भरपूर माणसंही मिळतील. तो विषय तिथेच थांबला.

काकांनी वेगळीच वाट धरली. काका पाटबंधाऱ्यातून निवृत्त. त्यांचं म्हणणं पडलं, की पोरखेळ नको, हॅम रेडिओच हवा. आम्ही माना हलवल्या आणि विसरलो. काका विसरले नाहीत. त्यांनी अभ्यास केला, परीक्षा दिली, पास झाले आणि त्यांना व्हीयू-थ्रीने सुरू होणारी कॉल साइन मिळाली. ती त्यांनी गाडीच्या मागच्या काचेवर लावली, घराच्या पाटीवर लावली, आणि नातवाच्या मुंजीच्या पत्रिकेत आपल्या नावापुढे कंसात छापली. गच्चीवर तारा ताणून ते आता पहाटे कुठल्या कुठल्या देशांतल्या माणसांशी बोलतात. त्या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून हजारो किलोमीटर पलीकडे उतरतात, आणि मधल्यांना वगळून जातात. काकांचा इंडोनेशियात एक स्नेही आहे. मागच्या गाडीत बसलेल्या मला मात्र ते काही सांगू शकत नाहीत, कारण त्या यंत्रावर परवाना असलेल्यानेच बोलायचं असतं आणि ग्रुपमध्ये परवाना एकट्या काकांचा. एका सहलीत त्यांनी ते यंत्र आणलं होतं. दिवसभर ते नियमाप्रमाणे कॉल साइन सांगून बोलत होते. उत्तर द्यायला कायद्याने कोणीच नव्हतं. त्यांची इतकी निर्वेध सहल दुसरी झाली नसेल.

अखेर अर्ध्या वॅटचे, मान्यताप्राप्त सेट घ्यायचं ठरलं. आता फक्त रंग ठरायचा होता, म्हणजे आणखी पंधरवडा गेला. कर्नलना काळा हवा होता. काळा सेट चिखलात पडला तर सापडणार नाही, नारिंगी घ्या, असं दुसरा इंजिनिअर म्हणाला. नारिंगी खेळण्यातला वाटतो, असं पहिला म्हणाला. काळे आले. त्यातला एक पहिल्याच दिवशी चिखलात पडला. तो अजून तिथेच आहे. त्याच्यावर पाण्यापासून संरक्षणाचा आयपी-६७ शिक्का होता, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास सुखरूप. चिखलात किती दिवस, ते लवकरच कळावं.

प्रस्थानाच्या आदल्या रात्री पहिल्या इंजिनिअरला आणखी एक शोध लागला. गाडीच्या पत्र्याच्या आत बसून बोललं की अर्धी ताकद पत्राच खातो. अँटेना टपावर हवी. तो चुंबकाची बैठक असलेली अँटेना घेऊन आला आणि सगळ्यांच्या देखत ऐटीत आपल्या टपावर ठेवली. ती घरंगळून त्याच्या पायावर पडली. जुन्या जीपला त्याने हौसेने फायबरचा टप बसवून घेतला होता. चुंबकाला फायबरशी काही देणंघेणं नसतं. शिवाय असल्या सेटची अँटेना मुळात सेटलाच जोडलेली असते, बाहेरची लावायची सोयच नसते, हे दुसऱ्या इंजिनिअरने त्याला अँटेना पायावर पडून झाल्यावर सांगितलं. माझ्या जिप्सीला ताडपत्रीचा टप आहे. तो गळतो, फडफडतो, उन्हात तापतो. पण रेडिओला आड येत नाही. ग्रुपमध्ये माझं कौतुक झालं असा तो एकमेव प्रसंग, आणि तोही ताडपत्रीचाच होता.

मे अखेरीस निघालो. कात्रजचा बोगदा ओलांडला आणि कर्नलनी पहिला संदेश सोडला.

‘लीडर टू टेल. टेल, तुमची पोझिशन काय आहे? ओव्हर.’

मी बटण दाबणार, तेवढ्यात सेटमधून उत्तर आलं, ‘जिलबी संपत आलीय.’

ताफ्यात क्षणभर शांतता पसरली.

‘कोण बोलतंय? ओव्हर.’

‘तुम्ही कोण? मुलाकडचे का?’

‘हा चॅनेल आमचा आहे! ओव्हर.’

‘आम्ही सकाळच्या नाश्त्यापासून आहोत इथे. मठ्ठा कोणाकडे राहिला ते बघा आधी.’

महामार्गाला लागून मंगल कार्यालयांची रांग आहे, आणि मे महिन्यातला मुहूर्त होता. जेवणाच्या कंत्राटदाराच्या पोरांकडेही अर्ध्या वॅटचेच सेट होते. चॅनेल मोजकेच, ते सगळ्यांचे. त्यामुळे पुढची काही मिनिटं आमच्या ताफ्याला पंगतीची स्थिती आणि पंगतीला आमच्या टायरमधली हवा कळत राहिली. एकदा पहिल्या इंजिनिअरने ‘विंचचा दोर बरोबर घेतलाय ना?’ विचारलं, तर पलीकडून ‘दोर कशाला? मांडव उतरवायचाय का?’ असं काळजीने विचारण्यात आलं.

कर्नल अशा वेळी डगमगत नाहीत. त्यांनी गाड्या एका पेट्रोल पंपावर थांबवल्या आणि माहितीपत्रक उघडलं. त्यात १२१ प्रायव्हसी कोड होते. सगळ्यांनी सतरावा लावला. जिलबीवाले चिडीचूप झाले. आपापल्या गाडीत परतल्यावर कर्नल सेटवर म्हणाले, ‘आता आपलं बोलणं कोणीही ऐकू शकत नाही. ओव्हर.’

हे वाक्य मला दोनदा ऐकू आलं. एकदा माझ्या सेटमधून, आणि एकदा पंपावर मोपेडमध्ये पेट्रोल भरणाऱ्या, पांढरा सदरा घातलेल्या मुलाच्या कमरेवरून. त्याने माझ्याकडे वळून पाहिलं आणि विचारलं, ‘ते ओव्हर ओव्हरवाले तुम्हीच का?’

त्या कोडांनी फक्त आपल्याला दुसऱ्यांचं ऐकू येत नाही. दुसऱ्यांना आपलं ऐकू येतच राहतं. डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजराला कोणीतरी १२१ प्रकारे डोळे मिटायची सोय करून दिली आणि खोक्यावर ‘प्रायव्हसी’ छापलं, एवढाच तो प्रकार. मी हे कर्नलना सांगितलं नाही. परत येईपर्यंत ते ‘सुरक्षित वाहिनीवरून’ बोलत होते. त्यांचा उत्साह मोडायची माझी छाती झाली नाही.

वेल्हं सोडलं, डांबर संपलं, आणि वळवाची एक सर येऊन गेली. आता वॉकीटॉकीचा खरा उपयोग सुरू होणार होता. तो असा झाला. पुढे वाटेला दोन फाटे होते. उजवीकडची कोरडी वाट कर्नलनी घेतली. डावीकडे वावरातला मऊ चिखल होता. त्यांनी वेळेवर सांगितलं, ‘डावीकडून येऊ नका.’ पण त्यांना वाक्य संपायच्या आधीच बटण सोडायची सवय आहे. ‘नका’ त्यांच्याच गाडीत राहिलं. आमच्यापर्यंत पोचलं ते ‘डावीकडून येऊ’. मराठीत नकार वाक्याच्या शेपटाला असतो आणि सेटवर पहिलं तुटतं ते शेपूट. दोन गाड्या शिस्तीत डावीकडून गेल्या आणि शिस्तीत रुतल्या.

बटणाची गंमत अशी आहे, की ते दाबायच्या आधी बोललं तर वाक्याचं डोकं जातं, लवकर सोडलं तर शेपूट जातं, आणि सोडलंच नाही तर अब्रू जाते. यातला तिसरा प्रकार काकांनी करून दाखवला.

काकांचा सेट सीट आणि हँडब्रेकच्या बेचक्यात पडला आणि बटण दाबलेलं राहिलं. काकांना याचा पत्ता नव्हता. शेजारी काकू बसल्या होत्या. सगळ्या ताफ्यात काकांचा आवाज घुमू लागला :

‘आता हा पुढचा इंजिनिअर बघ. लो रेशो टाकलाय आणि वरून रेस करतोय. फायबरचा टप! अगं, टप फायबरचा आणि डोकंही.’

आम्ही सगळे हसलो. माझ्या पुढच्या गाडीत दुसरा इंजिनिअर होता. तो तर स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत असलेला मागून दिसत होता. या यंत्रावर एकाने बटण दाबून ठेवलं की बाकीच्यांना फक्त ऐकता येतं, आणि दाबणाऱ्याला कोणाचंही काहीच ऐकू येत नाही. काकांना सावध करायचा मार्ग एकच होता. गाडीतून उतरायचं, चिखलातून धावत जायचं आणि काचेवर टकटक करायची. पण कोणी उतरेना.

‘कर्नलचं काय सांगू तुला! बँकेत तीस वर्षं दुसऱ्याच्या सहीवर सही करत बसला, आणि इथे निर्णय घेतोय.’

तरी कोणी उतरलं नाही. कर्नल बरेच पुढे होते, आणि त्यांच्याविषयी आणखी काही निघतंय का, अशी सर्वांनाच उत्सुकता होती.

‘आणि हा दुसरा. याला पहिल्याचं खोडून काढण्यापलीकडे...’

पुढच्या गाडीचं दार उघडलं. हसणारा दुसरा इंजिनिअर आता गुडघाभर चिखलातून सुसाट धावत होता. पण अंतर बरंच होतं.

‘...आणि सगळ्यात मागे तो लेखक. क्लच जाळतोय. वासावरून सांगतो. त्या गाडीचा मला विचार येतो गं, तिने काय पाप केलं...’

धावत मीही निघालो होतो, पण फार उशिरा. काकांच्या काचेवर आम्ही दोघांनी एकदमच टकटक केली. काकांनी काच खाली केली आणि म्हणाले, ‘काय झालं? सेटवर सांगायचं ना, एवढे पैसे खर्च केलेत ते कशाला?’

त्या संध्याकाळी माहितीपत्रकात आणखी एक सोय सापडली. ठरावीक वेळेपेक्षा जास्त कोणी बोलू लागलं की सेट आपणहून तोंड मिटतो. आम्ही तो एका मिनिटावर लावला. तेव्हापासून कर्नलची सूचना प्रस्तावनेतच संपते.

पण त्याआधी गुराख्याची गोष्ट सांगायला हवी. डोंगराची एक सोंड वळून पुढच्या तीन गाड्या गेल्या आणि मागच्या आम्ही रुतलेल्यांना काढत राहिलो. सोंड मध्ये आली तसे सेट फक्त खरखर करू लागले. कर्नल तिकडून बोलत असणार, आम्ही इकडून बोलत होतो, आणि दोघांचंही बोलणं त्या कातळात जिरत होतं. सेट उभा धरून पाहिला, आडवा धरून पाहिला. डोक्यावर धरून बॉनेटवरही चढलो. हे करत असताना सोंडेच्या माथ्यावर एक मुलगा गुरं घेऊन उभा होता आणि आमच्याकडे बघत होता. त्याला तिकडच्या गाड्या दिसत होत्या आणि इकडच्याही.

‘काय झालं वो?’ त्याने वरून हाळी दिली.

‘पलीकडच्यांना सांग, गाडी रुतलीय!’

तो वळला आणि पलीकडे ओरडला. मग परत आमच्याकडे तोंड करून म्हणाला, ‘ते म्हणत्यात, ओव्हर!’

‘दोर घेऊन या म्हणावं!’

पुन्हा पलीकडे हाळी. बराच वेळ तिकडून काहीतरी ऐकत राहिला. मग, ‘ते लई बोलत्यात. मी सांगू का थोडक्यात?’

‘सांग!’

‘येत न्हाईत.’

थोड्या वेळाने त्याने आमची वाट न बघता तिसऱ्याच दिशेला, खालच्या वाडीकडे हाळी दिली, आणि अर्ध्या तासात ट्रॅक्टर आला. उंचावर उभं राहून एकीकडचं घ्यायचं आणि दुसरीकडे सोडायचं, यालाच रिपीटर म्हणतात, असं दुसऱ्या इंजिनिअरने ट्रॅक्टर बांधता बांधता समजावलं. फरक इतकाच, की यंत्राचा रिपीटर जे येईल ते तसंच पुढे धाडतो. हा गाळून धाडत होता. कर्नलच्या एवढ्या लांबलचक बोलण्यातून त्याने दोन शब्द काढले, आणि नंतर चौकशी केली तेव्हा कळलं, की त्यांना खरोखर तेवढंच म्हणायचं होतं. या मुलाला बॅटरी, परवाना, कोड, यातलं काहीच लागत नव्हतं. कर्नलनी त्याला पैसे देऊ केले, ते त्याने घेतले नाहीत. ‘तो काळा डबा द्या,’ म्हणाला. तो कर्नलनी दिला नाही.

आता आम्ही एक जुना नियम पाळतो. प्रत्येकाने मागच्या गाडीवर आरशात नजर ठेवायची. ती दिसेनाशी झाली की थांबायचं. आपण थांबलो की पुढचा थांबतो, तो थांबला की त्याच्या पुढचा, आणि सगळा ताफा एकही अक्षर न बोलता उभा राहतो. डोंगरात गाड्या नेणारे लोक हे फार पूर्वीपासून करत आलेत, आणि त्याला आरशाशिवाय काही लागत नाही. माझ्या मागे कोणीच नसतं, त्यामुळे माझ्यावर या नियमाची जबाबदारीही नाही.

सेट मात्र आम्ही विकलेले नाहीत. धोंडा कुठल्या अंगाने घ्यायचा, समोरून दुधाची गाडी येतेय का, कोणाच्या चाकाखालचा दगड सुटलाय, एवढं सांगायला त्यांच्यासारखी दुसरी सोय नाही, आणि त्याला अर्धा वॅट भरपूर होतो. तुम्ही घेणार असाल तर ४४६ वाला घ्या, मान्यता बघून घ्या, नारिंगी घ्या, आणि खोक्यावरच्या किलोमीटरकडे बघू नका. प्रश्न राहतो तो फक्त पुढच्या गाडीतला सेट कोणाच्या हातात द्यायचा याचा. तिथे बटण दाबून क्षणभर थांबणारा, वाक्य पूर्ण करणारा आणि ओव्हर म्हटल्यावर खरोखर गप्प बसणारा माणूस लागतो. सीए मॅडमना विचारून झालं. ‘मला गाडी चालवायची असते,’ असं त्या म्हणाल्या. ग्रुपमध्ये दुसरं कोणी नाही. तुमच्या माहितीत असा माणूस असेल तर कृपया कळवा. गाडी नसली तरी चालेल.